गोलाकार तारकागुच्छांतील वेगवेगळे तारकागट : सांगलीत राहून अभ्यास कसा करावा

मिरजेच्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे. गोलाकार तारकागुच्छातील, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेल्या लाखो जुन्या ताऱ्यांच्या गोल पुंजक्यातील, सगळे तारे एकाच वायुमेघातून, एकाच वेळी जन्मलेले आणि म्हणून एकसारख्या घडणीचे असतात, असे पदवीच्या वर्गात शिकवले जाते; अलीकडच्या शोधनिबंधांत मात्र एकाच गुच्छात दोन, तीन, पाच, आणि ओमेगा सेंटॉरीमध्ये तर पंधरा तारकागट असल्याचे वाचायला मिळते. यातले खरे काय मानावे, आणि हाताशी मोठी दुर्बीण नसताना सांगलीत राहून या विषयावर वर्षभराचा प्रकल्प करता येईल का?

प्रकल्प निश्चित करता येईल. त्यासाठी लागणारी उत्तम निरीक्षणे सर्वांना खुली आहेत आणि साधा लॅपटॉप त्यांना पुरतो. मात्र या विषयातले खरे कष्ट आलेख काढण्यात नसून, ताऱ्यांचा रंग व तेजस्विता मांडणाऱ्या आलेखावर वेगळ्या दिसणाऱ्या दोन रेघा खरोखर दोन तारकागट आहेत की धुळीने, मोजमापातील चुकांनी किंवा वाटेत आलेल्या परक्या ताऱ्यांनी निर्माण केलेला आभास आहे, हे ठरवण्यात आहेत. इथली पद्धत समजली की पहिल्या प्रश्नाचे उत्तरही आपोआप उलगडते, म्हणून उत्तराचा मोठा भाग मी तिच्यासाठीच ठेवतो.

पाठ्यपुस्तकातील विधान सर्वस्वी चूक नाही. आपल्या आकाशगंगेतील बहुतेक गोलाकार गुच्छांचे वय १२ ते १३ अब्ज वर्षांच्या आसपास आहे आणि एका गुच्छातील ताऱ्यांमध्ये लोहाचे प्रमाण, मोजमापाच्या अचूकतेच्या मर्यादेत, जवळजवळ सारखे असते. फरक आढळतो तो हलक्या मूलद्रव्यांत. काही ताऱ्यांत कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि सोडियम यांचे प्रमाण आकाशगंगेच्या प्रभामंडलातील तितक्याच जुन्या साध्या ताऱ्यांसारखे असते. त्यांना पहिला गट म्हणू. उरलेल्यांत कार्बन व ऑक्सिजन घटलेले आणि नायट्रोजन व सोडियम वाढलेले दिसतात, अनेकदा ॲल्युमिनियम वाढलेले असते, क्वचित मॅग्नेशियम घटलेले असते आणि हेलियमही थोडा किंवा बराच जास्त असतो. हा दुसरा गट. या घटीवाढीत एक शिस्त आहे. ऑक्सिजन जितका कमी, तितके सोडियम अधिक, हा व्यस्त संबंध जवळजवळ प्रत्येक जुन्या आणि वजनदार गुच्छात आढळला आहे.

ही विसंगती आजची नाही. काही राक्षसी, म्हणजे उतारवयात फुगलेल्या, ताऱ्यांच्या वर्णपटात सायनोजेनचे (कार्बन-नायट्रोजन रेणूचे) पट्टे अनपेक्षित ठळक असल्याचे १९७१ मध्येच नोंदले गेले होते. त्यानंतर सुमारे तीस वर्षे वाद चालला तो असा की, तारा म्हातारा होताना त्याच्या पोटातील भट्टीत तयार झालेला माल वर ढवळला जातो म्हणून हे घडते, की तारा जन्मालाच अशा वायूतून आला. पहिले स्पष्टीकरण सोपे होते, आणि कार्बन-नायट्रोजनपुरते ते अंशतः खरेही आहे. पण निऑनपासून सोडियम बनायला साधारण ४ कोटी केल्व्हिन आणि मॅग्नेशियमपासून ॲल्युमिनियम बनायला ७ कोटी केल्व्हिनच्या आसपास तापमान लागते. २००१ मध्ये चिलीतील व्हीएलटी दुर्बिणीने एनजीसी ६७५२ या गुच्छातील, अजून राक्षसी अवस्थेला न पोहोचलेल्या ताऱ्यांचे वर्णपट घेतले गेले आणि त्यांतही सोडियम व ऑक्सिजनचा तोच व्यस्त संबंध सापडला. अशा ताऱ्याच्या केंद्राचे तापमान जेमतेम २ कोटी केल्व्हिन असते आणि त्याचा ढवळला जाणारा बाह्य थर अतिशय पातळ असतो, त्यामुळे त्याने सोडियम स्वतः बनवले हे शक्यच नव्हते. ते त्याला जन्मतः मिळालेले होते. माझ्या मते या विषयातला सर्वांत निर्णायक पुरावा हाच आहे, आणि हबल अवकाश दुर्बिणीच्या देखण्या आलेखांच्या गर्दीत विद्यार्थ्यांचे त्याच्याकडे दुर्लक्ष होते याचे मला वाईट वाटते.

हबलचे आलेखही कमी महत्त्वाचे नाहीत. नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी हा आकाशगंगेतील सर्वांत वजनदार गोलाकार गुच्छ सुमारे १७ हजार प्रकाशवर्षे दूर आहे आणि आपल्या अक्षांशावरून तो चांगला दिसतो. मे महिन्याच्या मध्यास रात्री साडेदहाच्या सुमारास दंडोबाच्या डोंगरावरून किंवा कासच्या पठारावरून पाहिल्यास तो दक्षिण क्षितिजाच्या वर सुमारे २५ अंशांवर, नुसत्या डोळ्यांना धूसर ताऱ्यासारखा सापडतो. २००४ मध्ये हबलच्या मोजमापांवरून स्पष्ट झाले की त्याचा मुख्य क्रम, म्हणजे हायड्रोजन जाळणाऱ्या ताऱ्यांची रेघ, दुभंगलेली आहे. पुढच्या वर्षी व्हीएलटीने दोन्ही रेघांवरील अंधूक ताऱ्यांचे वर्णपट घेतले, तेव्हा अपेक्षेच्या नेमके उलटे निघाले. लोह जास्त असेल तर तारा अधिक तांबडा दिसायला हवा. इथे निळ्या रेघेवरील ताऱ्यांत लोह तांबड्या रेघेच्या जवळपास दुप्पट होते. हे जुळवून आणणारा एकच मार्ग उरत होता, तो म्हणजे निळ्या ताऱ्यांत हेलियम वस्तुमानाच्या सुमारे ३८ टक्के असणे, जेव्हा महास्फोटातून आलेले मूळ प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास आहे. हेलियम वाढले की ताऱ्याचे द्रव्य कमी अपारदर्शक होते, तारा अधिक उष्ण व निळा होतो आणि इंधनही लवकर संपवतो. २००७ मध्ये एनजीसी २८०८ या गुच्छात मुख्य क्रमाच्या तीन रेघा दिसल्या, आणि तिथे तर लोहाचा फरकही नव्हता.

ओमेगा सेंटॉरीवरून सगळ्या गुच्छांबद्दल निष्कर्ष काढू नयेत, हे इथेच सांगून ठेवतो. त्यात लोहाचेही अनेक स्तर आहेत आणि तो बहुधा आकाशगंगेने गिळलेल्या एका लहान दीर्घिकेचा उरलेला गाभा असावा. त्याच्या केंद्रातील सात वेगवान ताऱ्यांवरून तिथे किमान ८,२०० सूर्यांइतक्या वस्तुमानाचे कृष्णविवर असल्याचे २०२४ मध्ये दाखवण्यात आले. पहिल्या प्रकल्पासाठी तो मोह टाळावा.

आता पद्धतीकडे येऊ. दृश्य प्रकाशातील नेहमीच्या रंग-प्रत आलेखात (प्रत म्हणजे तेजस्वितेचे माप; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) बहुतेक गुच्छांची राक्षसी शाखा, म्हणजे राक्षसी ताऱ्यांची रेघ, एकच, बारीक दिसते, कारण पृष्ठभागावरील नायट्रोजन किंवा ऑक्सिजन थोडा बदलल्याने ताऱ्याच्या पिवळ्या-तांबड्या प्रकाशात फरक पडत नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला व्यापारी बाहेरून सारखी दिसणारी हळकुंडे मोडून आतला रंग पाहतो, तसे इथे अतिनील प्रकाशात पाहावे लागते, कारण या मूलद्रव्यांच्या रेणूंचे पट्टे तिथे पडतात. हबलच्या २७५ नॅनोमीटरच्या फिल्टरमध्ये ऑक्सिजन-हायड्रोजन रेणूचा पट्टा येतो, ३३६ मध्ये नायट्रोजन-हायड्रोजनचा, आणि ४३८ मध्ये कार्बन-नायट्रोजन व कार्बन-हायड्रोजनचे. पहिल्या गटातील ताऱ्यात ऑक्सिजन व कार्बन जास्त असल्याने तो २७५ व ४३८ मध्ये थोडा मंद आणि ३३६ मध्ये थोडा तेजस्वी असतो. दुसऱ्या गटात याच्या उलट. म्हणून २७५ व ३३६ मधील प्रतींचा फरक घ्यायचा आणि त्यातून ३३६ व ४३८ मधील फरक वजा करायचा. या एका राशीत तिन्ही परिणाम एकाच दिशेने साचतात आणि एरवी एक दिसणारी शाखा फाकते.

या तीन फिल्टरांनी हबलने पन्नासहून अधिक गुच्छांचे गाभे पाहिले, आणि त्या सर्वेक्षणाचे तारेनिहाय कॅटलॉग २०१८ पासून खुल्या संग्रहात आहेत. त्यांत दृश्य प्रकाशातील ६०६ आणि ८१४ नॅनोमीटरच्या प्रती, मोजमापाच्या दर्जाचे निर्देशांक आणि तारा गुच्छाचाच असण्याची संभाव्यताही दिलेली आहे. माझा आग्रह असा की सुरुवात एनजीसी ६७५२ पासून करावी. तो सुमारे १३ हजार प्रकाशवर्षांवर म्हणजे जवळ आहे, त्याच्या दिशेला धूळ अगदी कमी आहे, त्यातील गट स्पष्ट वेगळे होतात आणि त्याच्या ताऱ्यांच्या वर्णपटांवरून काढलेली सोडियम व ऑक्सिजनची प्रमाणेही प्रसिद्ध आहेत, त्यामुळे तुमचे उत्तर पडताळून पाहता येते. अनेक विद्यार्थी वृश्चिकेतील एम ४ निवडतात, कारण तो ज्येष्ठा ताऱ्याच्या शेजारी आहे, आपल्याकडून द्विनेत्रीतूनही दिसतो आणि पृथ्वीला सर्वांत जवळच्या गोलाकार गुच्छांपैकी आहे. तो सुंदर आहे, पण धुळीच्या मेघामागे आहे, आणि म्हणूनच दुसऱ्या टप्प्यासाठी राखून ठेवावा.

धूळ इतकी का जपायची, हे आकड्यांत पाहू. गुच्छाच्या एका भागापुढे दुसऱ्यापेक्षा धूळ थोडी जास्त असेल आणि निळ्या व दृश्य रंगांतील तिचा परिणाम फक्त ०.०१ प्रतीने वेगळा असेल, तरी २७५ नॅनोमीटरमध्ये तो तारा सुमारे ०.०६ प्रतीने मंदावतो, तर ८१४ मध्ये त्याच्या एक-तृतीयांशापेक्षाही कमी. म्हणजे आलेखावर शाखा जाड होते किंवा दुभंगल्यासारखी दिसते, आणि रसायनाचा त्याच्याशी काही संबंध नसतो. उपाय असा आहे की प्रत्येक ताऱ्याच्या भोवतालचे काही डझन सदस्य तारे घ्यावेत, शाखेच्या मध्यरेषेपासून ते धुळीच्या दिशेने सरासरी किती सरकले आहेत हे काढावे, आणि तेवढी दुरुस्ती त्या ताऱ्याला द्यावी. तो तारा स्वतः या सरासरीत धरू नये. दुरुस्तीनंतर शाखा सर्वत्र बारीक झाली पाहिजे. फक्त अतिनीलमध्ये जाडी शिल्लक राहिली तर ती रसायनाची आहे असे म्हणायला आधार मिळतो. यासोबत एक साधी परीक्षा न चुकता करावी : दोन गटांचे तारे आकाशाच्या नकाशावर वेगवेगळ्या रंगांनी मांडावेत. एक गट चित्राच्या एकाच कोपऱ्यात साचलेला दिसला, तर तुम्हाला धूळ किंवा कॅमेऱ्याचा दोष सापडला आहे, तारकागट नव्हे.

दुसरी काळजी परक्या ताऱ्यांची. समोरचे आणि मागचे तारे निजगतीवरून वेगळे करता येतात. गुच्छाचे सदस्य आकाशात एकत्र सरकतात आणि निजगतीच्या आलेखावर त्यांचा घट्ट पुंजका दिसतो. बाहेरच्या भागासाठी गाया उपग्रहाचा जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला तिसरा डेटा उत्तम आहे, पण दाट गाभ्यात गायाची मोजमापे विरळ आणि अविश्वसनीय होतात, तिथे हबलच्याच निजगतीवर भर द्यावा. तिसरी गोष्ट जोडताऱ्यांची. मुख्य क्रमावर समान वस्तुमानाची जोडी एकच तारा म्हणून मोजली गेली तर ती ०.७५ प्रतीने तेजस्वी दिसते आणि खोटी समांतर रेघ तयार होते. राक्षसी ताऱ्याच्या झगझगाटापुढे मात्र त्याच्या साध्या जोडीदाराचा प्रकाश नगण्य असतो, म्हणून सुरुवात राक्षसी शाखेपासून करावी. फक्त तिच्या शेजारून जाणारे, हेलियम जाळून झालेले दुसऱ्यांदा फुगलेले तारे आधी वगळावेत. दर्जाच्या निर्देशांकांनुसार गाळणी लावताना कोणते तारे गळले हेही पाहावे. गाभ्यातील दाटीमुळे अंधूक तारे अधिक गळतात, आणि त्यामुळे पुढे काढलेले प्रमाण एका बाजूला झुकू शकते.

एवढे झाल्यावर राक्षसी शाखेच्या दोन्ही कडा आखून, म्हणजे प्रत्येक तेजस्वितेला चौथ्या व शहाण्णवाव्या शतमकावर रेषा काढून, शाखा सरळ उभी करावी. आडव्या अक्षावर २७५ व ८१४ मधील रंगाचे विचलन आणि उभ्या अक्षावर वर सांगितलेल्या मिश्र राशीचे विचलन मांडले की तो नकाशा तयार होतो, ज्याला या क्षेत्रात क्रोमोझोम मॅप म्हणतात. उभा अक्ष मुख्यत्वे नायट्रोजन सांगतो. आडव्यावर हेलियम, ऑक्सिजन व लोह यांचा एकत्र परिणाम असतो. त्याच नकाशाच्या कोपऱ्यात तुमच्या मोजमापातील चूक किती हे दाखवणारा लंबगोल काढलाच पाहिजे. पुंजक्यांमधील अंतर त्या लंबगोलापेक्षा स्पष्ट मोठे नसेल, तर गटांची संख्या सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. एनजीसी ६७५२ च्या मध्यभागात पहिल्या गटाचा वाटा सुमारे ३० टक्के आहे. तुमचे उत्तर त्याच्या बरेच दूर पडले, तर आधी गाळणी तपासावी. वेगवेगळ्या गुच्छांत हा वाटा सुमारे ८ टक्क्यांपासून ६७ टक्क्यांपर्यंत पसरलेला आहे आणि गुच्छ जितका वजनदार, तितका दुसऱ्या गटाचा वाटा मोठा, असा कल स्पष्ट आहे. पहिल्या गटाचा पुंजकाही आडवा पसरलेला दिसेल. आधी तो हेलियमचा फरक मानला गेला होता. आता लोहातील अगदी बारीक चढउतार हे अधिक पटणारे कारण मानले जाते.

हबलचे चित्र फक्त गाभ्याचे असते, हे विसरून संपूर्ण गुच्छाबद्दल विधान करणे ही नेहमी आढळणारी त्रुटी आहे. ४७ टुकानी या गुच्छामध्ये दुसरा गट केंद्राकडे अधिक दाटलेला आहे, तर एनजीसी ६७५२ मध्ये दोन्ही गट जवळजवळ सारखे मिसळलेले आहेत. बाहेरच्या भागासाठी जमिनीवरील दुर्बिणींनी यू, बी, व्ही आणि आय फिल्टरांत केलेली विस्तृत मोजमापे उपलब्ध आहेत. त्यांतील यू-बी या रंगातून बी-आय वजा केला की नायट्रोजनचा ठसा दिसतो. ही मोजमापे गायाच्या निजगतीशी जोडून गाभा ते किनारा असा गटांचा वाटा काढणे, हा एम.एस्सी.च्या पातळीवरचा अतिशय सकस प्रकल्प होईल, आणि त्यासाठी टॉपकॅट (कॅटलॉगचे तक्ते हाताळण्याचे सॉफ्टवेअर) व पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा एवढीच साधने लागतात.

दुसरा गट निर्माण कसा झाला, याविषयी थोडेच लिहितो, कारण तुमच्या प्रबंधाची सुरुवात तिथून होऊ नये असे मला वाटते. सूर्याच्या ४ ते ८ पट वस्तुमानाचे उतारवयातील तारे, वेगाने फिरणारे अजस्र तारे, परस्परांशी द्रव्य देवघेव करणारे अजस्र जोडतारे आणि सूर्याच्या सुमारे दहा हजार पट वस्तुमानाचा एखादा महाप्रचंड तारा, असे उमेदवार सुचवले गेले आहेत, आणि प्रत्येकाचे घोडे कुठेतरी अडते. सर्वांत मोठी अडचण वस्तुमानाच्या हिशेबाची आहे. उतारवयातील ताऱ्यांनी बाहेर टाकलेले द्रव्य पहिल्या गटाच्या मूळ वस्तुमानाच्या १० टक्क्यांहूनही कमी भरते, आणि दुसरा गट तर बहुतेक ठिकाणी पहिल्यापेक्षा मोठा आहे. हा हिशेब बसवायला पहिल्या गटाचे ९० टक्क्यांहून अधिक तारे गुच्छातून निसटले असे मानावे लागते. पण फॉर्नॅक्स या लहान दीर्घिकेत अत्यल्प लोहाच्या ताऱ्यांपैकी सुमारे एक-पंचमांश ते एक-चतुर्थांश तारे आजही तिच्या गुच्छांतच आहेत, म्हणजे ते गुच्छ जन्मतः आजच्या चार-पाच पटींहून मोठे असूच शकत नाहीत. इतका साधा आणि इतका भेदक युक्तिवाद या विषयात दुसरा नाही. त्यात लिथियमची भर घाला : सुमारे २५ लाख केल्व्हिनला नष्ट होणारे हे मूलद्रव्य एम ४ च्या दुसऱ्या गटातही पहिल्याइतकेच सापडते, त्यामुळे भाजलेल्या द्रव्यात मूळचा ताजा वायू मिसळला असला पाहिजे, किंवा द्रव्य देणाऱ्या ताऱ्यानेच लिथियम नव्याने बनवले असले पाहिजे. मॅगेलनी मेघांतील सुमारे २ अब्ज वर्षांच्या एनजीसी १९७८ मध्ये नायट्रोजनचा फरक दिसतो आणि दीड अब्ज वर्षांच्या एनजीसी ४१९ मध्ये दिसत नाही, हेही कोणत्याच उमेदवाराला सहज पचत नाही. तुमच्या मोजमापांचा उपयोग नेमका या चाळणीसाठी आहे.

भारतीय निरीक्षणांचाही यात वाटा आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरील यूव्हीआयटी दुर्बिणीने अनेक गोलाकार गुच्छ दूर-अतिनील प्रकाशात पाहिले आणि तो डेटाही इस्रोच्या संग्रहात खुला आहे. दूर-अतिनीलमध्ये राक्षसी तारे जवळजवळ नाहीसे होतात आणि आडव्या शाखेवरील, म्हणजे राक्षसी अवस्थेनंतर केंद्रात हेलियम जाळणाऱ्या ताऱ्यांच्या रेघेवरील, उष्ण तारे उठून दिसतात. हेलियम जास्त असलेला तारा लवकर म्हातारा होतो, आज त्या अवस्थेला पोहोचताना त्याचे वस्तुमान कमी असते, आणि म्हणून तो आडव्या शाखेच्या निळ्या टोकाला जाऊन बसतो. त्यामुळे तिथल्या ताऱ्यांची मोजणी हा हेलियमचा स्वतंत्र पुरावा ठरतो. यूव्हीआयटीची विभेदनक्षमता दीड विकलेच्या आसपास असल्याने अतिदाट गाभ्यासाठी हबलच घ्यावा आणि बाहेरच्या भागासाठी यूव्हीआयटी.

पहिल्या तीन महिन्यांत एनजीसी ६७५२ चा कॅटलॉग उतरवून घ्यावा, प्रसिद्ध झालेला नकाशा स्वतःच्या प्रोग्रॅमने पुन्हा काढावा आणि वर्णपटांतून मिळालेल्या सोडियमच्या प्रमाणानुसार त्यातील तारे रंगवून पाहावेत. दोन्ही पुरावे जुळले की तोच प्रोग्रॅम एम ४ वर चालवावा, आधी धुळीची दुरुस्ती न करता आणि मग करून, आणि दोन्ही आलेख प्रबंधात शेजारी शेजारी द्यावेत. मार्गदर्शक शोधताना पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्राशी सहयोगी म्हणून जोडलेले प्राध्यापक आपल्या विद्यापीठाच्या परिसरात कोण आहेत याची चौकशी करावी, आणि त्यांच्याकडे पहिल्या भेटीला जाताना हे दोन आलेख आणि मोजमापातील चूक दाखवणारा लंबगोल कसा काढला याचे एक पानभर टिपण सोबत न्यावे.